एकोणऐंशी, एकोणऐंशी, सदतीस

बोडिलच्या हातून चूक होत नाही, हे डेन्मार्कमधल्या ऑर्हुसच्या त्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सगळ्यांना पाठ होतं. कुणी विसरलंच, तर आठवण करून द्यायला बोडिल स्वतः होतीच.

चहाच्या खोलीतल्या फ्रिजच्या दारावर फजितीच्या केकची यादी लावलेली असे. ज्याच्या हातून घोळ होईल त्याने येत्या शुक्रवारी केक आणायचा, तोही घरी भाजलेला. दुकानाचा खोका दिसला की बोडिल झाकण न उघडताच तो परत करायची. यादीही तिच्याच अक्षरात असायची, आणि कुणाचा घोळ कोणत्या दिवशी झाला हे ती असं टपोरं लिहायची की दारातूनच वाचता यावं. प्रोफेसर इंगेर फोगने मोबाइल चार्ज करायला म्हणून मोठ्या फ्रीजरची पिन काढली, तेव्हा प्रोफेसरलासुद्धा लागोपाठ दोन शुक्रवार केक आणावे लागले. एस्किल संगणकावर प्रथिनांचे आकार काढायचा. उंदराचं म्हणून सहा महिने तो ज्या प्रथिनाच्या मागे होता, ते शेवटी यीस्टचं निघालं. त्याचा सफरचंदाचा केक मात्र चांगला झाला होता, हे बोडिलनेही कबूल केलं.

यादीत बोडिलचं नाव कधीच आलं नाही.

"हिला केक भाजताच येत नाही," एस्किल म्हणायचा. "भीतीपोटी चुकत नाही ती."

"तू चुकत राहा," बोडिल म्हणायची. "कुणीतरी आम्हाला खायला घालायला हवंच."

बोडिल एकसष्ट वर्षांची होती, ताठ, कमी बोलणारी, आणि बोलली की समोरच्याची पंचाईत करणारी. हुद्द्याने ती प्रयोगशाळेतली मदतनीस. शोध लावणारे येत, शोध लावून किंवा न लावता निघून जात, बोडिल तिथेच असायची. लेखांच्या शेवटी आभारांच्या ओळीत तिचं नाव बारीक अक्षरात छापून यायचं. तिला त्याचं काही वाटत नाही, असं ती म्हणत असे. वाटत होतं. ते लेख तिने घरी एका पेटीत जपून ठेवले होते.

आता येप्पेचं. येप्पे हा लेमविगचा, खाडीकाठचा मुलगा, एकोणतीस वर्षांचा, डॉक्टरेट करायला आलेला. लहानपणापासून तो एकच प्रश्न विचारत आला होता: लाटा एवढ्या आपटतात, तरी शिंपले दगडाला चिकटून कसे राहतात? शिंपला स्वतःचा डिंक स्वतः करतो, आणि त्या डिंकात एक छोटंसं प्रथिन असतं. त्या प्रथिनाची घडी कशी आहे, ते बघण्यासाठी येप्पेने तीन वर्षं घालवली होती. जिवाणूंमध्ये ते वाढवायचं, जिवाणू फोडायचे, त्यातून ते गाळून शुद्ध करायचं, आणि मग शेकडो थेंबांत ठेवून वाट बघायची, की साखरेच्या खड्यासारखा त्याचा एखादा स्फटिक होतोय का. स्फटिक झाला तर क्ष-किरणांनी आतला आकार कळतो. नाही झाला तर थेंब वाळून जातात आणि माणूस पुन्हा जिवाणू वाढवायला घेतो. येप्पेचे तीन वर्षं थेंबच वाळत होते.

आजकाल संगणक पाच मिनिटांत घडीचा अंदाज देतो. एस्किलने तो कधीच काढून दिला होता. पण इंगेर जुन्या वळणाची.

"अंदाज हा अंदाज," ती म्हणाली होती. "मला स्फटिक हवा. मे संपेपर्यंत झाला नाही, तर शिंपला बंद. मग तू दुसऱ्या कुणाचं तरी काम हातात घे."

म्हणजे चौथ्या वर्षाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. येप्पेने मान डोलावली होती, आणि नंतर सायकलच्या शेडमध्ये बराच वेळ नुसताच उभा होता. बोडिलने ते खिडकीतून पाहिलं होतं.

आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका थेंबात स्फटिक झाले. एक नव्हे, चौदा. स्वच्छ, कडा धारदार, बघत राहावं असे. येप्पे सूक्ष्मदर्शकापाशी ओरडला तेव्हा खालच्या मजल्यावरची माणसं काय पेटलं म्हणून वर आली. तिकडे आनंदाच्या दिवशी लावतात तसे कागदाचे छोटे झेंडे चहाच्या टेबलावर उभे राहिले. स्फटिक गोठवून समुद्रापलीकडे स्वीडनमध्ये लुंडला क्ष-किरणांच्या यंत्राकडे गेले, आणि मंगळवारी सकाळी दहा वाजता तिथून मोजमापं आली.

बोडिल तेव्हा येप्पेच्या मागून काचेच्या नळ्यांचा ट्रे घेऊन चालली होती. पडद्यावर तीन आकडे होते. एकोणऐंशी, एकोणऐंशी, सदतीस.

तिने ट्रे पाडला नाही, कारण ती ट्रे पाडणाऱ्यांतली नव्हती. पण तो तिने जवळच्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

स्फटिक म्हणजे एकाच मापाची खोकी एकावर एक रचलेली असतात, आणि प्रत्येक प्रथिनाचं खोकं आपापल्या मापाचं. पडद्यावरचं हे माप बोडिलला स्वतःच्या टेलिफोन नंबरासारखं पाठ होतं. दर वर्षी नवे विद्यार्थी आले की सरावासाठी ती त्यांच्याकडून पहिला स्फटिक करून घ्यायची, कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनाचा. ते इतकं भोळं प्रथिन आहे की कुणाच्याही हातून त्याचा स्फटिक होतो. एकतीस वर्षं, एकोणऐंशी, एकोणऐंशी, सदतीस. येप्पेच्या वर्षी तेवढा सराव रद्द झाला होता, आणि त्याच्यासाठी हे नुसते तीन आकडे होते.

शिंपल्याच्या थेंबात अंडं आलं कुठून, याचा विचार करायला बोडिलला अर्धं मिनिटही लागलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी येप्पे तापाने घरी पडला होता. त्याचे जिवाणू तयार होते आणि ते काही कुणाच्या तापासाठी थांबत नाहीत. "मी फोडते, गाळून शुद्धही करून ठेवते," असं बोडिलनेच त्याला कळवलं. जिवाणू दाबाने फोडायचं यंत्र त्या दिवशी दुरुस्तीला गेलं होतं. मग तिने फ्रिजमधली बरणी काढली. अंड्यातलंच ते पांढरं प्रथिन, पूड केलेलं. जिवाणूंच्या भिंती ते खाऊन टाकतं. चिमूटभर पुरतं. बोडिलने चांगला चमचाभर टाकला, कारण तिला घाई होती; पाच वाजता तिच्या मैत्रिणी समुद्रात डुंबायला जमणार होत्या. येप्पेच्या कागदावर लाल अक्षरात लिहिलं होतं, की अंड्याची पूड वापरू नये, दोन्ही प्रथिनांचं वजन जवळजवळ सारखं आहे, मागाहून वेगळी करता येणार नाहीत. बोडिलने तो कागद वाचलाच नव्हता. दुसऱ्यांनी लिहिलेले कागद वाचून काम करण्याचे दिवस तिच्या मते केव्हाच सरले होते. आणि पूड टाकल्याचं तिने वहीतही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काय होतं त्यात?

"बोडिल! बघ ना!" येप्पे खुर्चीसकट गर्रकन वळला. "इतका स्वच्छ डेटा एस्किलनेसुद्धा पाहिला नाहीये म्हणे!"

"असेल," बोडिल म्हणाली. "चांगलाच असणार."

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण त्याच्या मागे एस्किल उभा होता, दोन पोरी उभ्या होत्या, आणि सगळे हसत होते. दुपारी सांगू, एकट्याला गाठून, असं तिने ठरवलं. दुपारी येप्पे एकटा नव्हता.

बुधवारी गोष्ट आणखी बिघडली. एस्किलने शिंपल्याच्या प्रथिनाचा अंदाजी आकार त्या डेटात बसवून पाहिला. बसेना. उलटा केला, सुलटा केला, बसेना. बसणार कसा?

"येप्पे, एक करू या," एस्किल म्हणाला. "नेहमीच्या भेसळींची एक तपासणी असते. दहा मिनिटांचं काम आहे. चालवून टाकू."

"गरजच नाही," येप्पे म्हणाला. "शुद्ध कुणी केलंय माहितीये ना? बोडिलने! तिच्या हातून भेसळ?"

"तेही खरंच," एस्किल म्हणाला, आणि तपासणी राहिली.

बोडिल चार हातांवर नळ्या धूत होती. तिने नळ मोठा सोडला.

"मला वाटतं," येप्पे आता उभा राहून बोलायला लागला होता, "संगणकाचा अंदाजच चूक आहे. ही घडी नवीन आहे! आजवर कुणी न पाहिलेली! इंगेर म्हणते ना अंदाज तो अंदाज? हे घे!"

संध्याकाळी सायकल काढताना त्याने आईला फोन लावला. बोडिल आपल्या सायकलचं कुलूप उघडत होती, आणि ते उघडायला तिला फार वेळ लागला. येप्पे बोलत होता, हसत होता, मध्येच शिंपल्याची घडी हवेत हाताने काढून दाखवत होता, जणू आईला लेमविगला ती दिसणारच होती.

गुरुवारी मात्र बोडिल पक्कं ठरवून आली. दहा वाजता ती त्याच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "येप्पे, मला तुला एक सांगायचंय."

"आधी मला सांगायचंय," तो म्हणाला. "लेखावर नावं टाकलीत मी. पहिलं माझं. दुसरं तुझं."

"आभारात?"

"आभारात नाही गं! लेखकांत. हे हात तुझे आहेत, बोडिल. मी तापात पडलो होतो. तू नसतीस तर आज स्फटिक नसते."

हे शेवटचं तर अक्षरशः खरं होतं. बोडिलने पडद्यावर आपलं नाव पाहिलं. संपूर्ण, आडनावासकट, मोठ्या अक्षरांत. तिला पेटी आठवली, त्यातले एकतीस वर्षांचे लेख आठवले, आणि स्वतःची लाज वाटली. एवढी लाज तिला पूर्वी कधी वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं हेही तिला ठाऊक नव्हतं.

"तू काय सांगणार होतीस?"

"काही नाही. हातमोजे संपलेत. मधल्या मापाचे," बोडिल म्हणाली, आणि तिथून निघाली.

शुक्रवारी सकाळी सगळे चहाच्या खोलीत जमले. दर शुक्रवारचे ताजे पाव होते, लोणी होतं, चीज होतं, आणि झेंडे अजून टेबलावरच होते. इंगेर आठवडाभर परगावी होती ती थेट विमानतळावरून आली. पाव कापता कापता म्हणाली, "चल येप्पे. मला आनंदात ने."

येप्पेने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने आधी खाडीचं चित्र दाखवलं, मग दगडाला चिकटलेले शिंपले, मग चौदा स्फटिक. सगळ्यांनी शाबासकी म्हणून टेबलावर हात आपटले. मग त्याने मोजमापांचं पान लावलं, आणि इंगेरची सुरी पावात निम्म्यावर थांबली.

तिने चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"येप्पे," ती हळू आवाजात म्हणाली, "जिवाणू फोडताना तू अंड्याची पूड वापरलीस?"

"नाही! छे! उलट माझ्या कागदावर लाल अक्षरात लिहिलंय..."

"हे अंडं आहे, राजा. कोंबडीचं. हे माप मी झोपेत सांगेन."

येप्पेने पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. त्याचे कान लाल झाले, नंतर पांढरे पडले.

"पण मी नाही वापरली," तो म्हणाला. "खरंच नाही."

"कुणीतरी वापरली. आठव नीट. तापात होतास म्हणतोस, डोकं जागेवर नसेल."

"इंगेर, शपथेवर सांगतो..."

"मग काय," इंगेर वैतागून म्हणाली, "बोडिलने टाकली?"

आणि सगळी खोली हसली. एस्किल तर कपाळाला हात लावून हसला. ताण सुटायला एवढं निमित्त पुरेसं होतं. बोडिल, आणि अंडं! येप्पेसुद्धा क्षणभर कसनुसं हसला, कारण ते त्यालाही अशक्यच वाटलं. एकतीस वर्षं जपलेलं नाव त्या पोराच्या मानेवर येऊन बसलं होतं, आणि बोडिलला ते डोळ्यांनी दिसत होतं.

"हो," बोडिल म्हणाली.

हसण्यात कुणाला ऐकूच आलं नाही.

"हो म्हटलं ना!" ती उभी राहिली. खुर्ची मागे पडली. "मी टाकली. चमचाभर. यंत्र बंद होतं, कागद मी वाचला नाही, आणि वहीत लिहिलंही नाही. येप्पेचा काडीचा दोष नाही."

मग एस्किलने हर्षवायू झाल्यासारखी आरोळी ठोकली. "यादी! यादी उतरवा रे कुणी!" कुणी पेन शोधायला धावलं, इंगेरला हसून हसून ठसका लागला, पोरींनी एक झेंडा बोडिलच्या केसांत खोचला. त्यांच्या लेखी तो सणच होता, आणि बोडिल झेंडा तसाच ठेवून मुकाट उभी राहिली. चुकीला केक असतो. केक आणला की चूक फिटते. ही रीत तिनेच तर इतकी वर्षं चालवली होती.

येप्पे एकटा हसत नव्हता.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"मंगळवारी."

"मंगळवारी कधी?"

"दहा वाजता. आकडे आले तेव्हाच."

हसणं विझत गेलं. एस्किलने पेन खाली ठेवलं.

"मी आईला बुधवारी सांगितलं," येप्पे म्हणाला. त्याने आपला संगणक मिटला आणि तो बाहेर गेला.

इंगेरने बोडिलच्या केसांतला झेंडा काढला. "त्याला सांग, मेची मुदत रद्द," ती म्हणाली. "तो घाणा त्याचा नव्हताच, तुझा होता. आजपासून सहा आठवडे. तूच जाऊन सांग. मी गेले तर तुला सोपं जाईल."

येप्पे सायकलच्या शेडमध्ये भेटला. सायकल न काढता नुसताच उभा होता.

"सहा आठवडे मिळालेत," बोडिल म्हणाली. "मी तुझ्यासोबत करीन. कागद वाचून करीन. पुढच्या शुक्रवारी केकही..."

"केक नको मला," येप्पे म्हणाला. "अंडं टाकलंस ते जाऊ दे. माझ्या हातून दहा वेळा झालं असतं. पण तीन दिवस तू मला नाचताना बघत होतीस, बोडिल. तीन दिवस! आणि हातमोजे संपले म्हणून सांगितलंस."

"घाबरले मी," बोडिल म्हणाली. हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत असावी, कारण बोलून झाल्यावर तिलाच नवल वाटलं. "आधी यादीला घाबरले. मग तू नाव टाकलंस, तेव्हा ते नाव जाईल म्हणून घाबरले."

येप्पेने खिशातून फोन काढला, एक नंबर लावला आणि फोन तिच्यापुढे धरला.

"आईला तू सांग."

"मी?"

"मी नाही सांगू शकत. तू सांग."

पलीकडे फोन पटकन उचलला गेला. "येप्पे! झालं का भाषण? काय म्हणाली तुझी प्रोफेसर?"

"येप्पे नाही. मी बोडिल. त्याच्या प्रयोगशाळेतली."

"बोडिल! अगं, तुझ्याबद्दल ऐकलंय मी! सोन्याचे हात म्हणे तुझे. आम्ही सकाळपासून अंगणात झेंडा चढवलाय. गायनमंडळात सगळ्यांना सांगून झालंय, दंतवैद्यालासुद्धा सांगितलं, तोंडात त्याची अवजारं असताना!"

बोडिलने डोळे मिटले आणि सांगितलं. अंडं, चमचा, कागद, मंगळवार. काही गाळलं नाही, स्वतःला सोडलं नाही. पलीकडे वारा ऐकू येत होता. ती बाई अंगणातच उभी असावी.

"म्हणजे झेंडा उतरवायचा," येप्पेची आई शेवटी म्हणाली.

"हो. माझ्यामुळे."

"एक सांगू? तीन वर्षं तो दर रविवारी फोन करतो. कसा आहेस विचारलं की म्हणतो, ठीक. हवा कशी आहे, तर ठीक. बुधवारी तो चाळीस मिनिटं बोलला. मला त्यातलं काही म्हणता काही कळलं नाही. मी नुसती त्याचा आवाज ऐकत होते. अंड्यामुळे बोलला असेल, तर अंड्यामुळे. तो बुधवार मी काही परत द्यायची नाही, तू कितीही माफी माग."

बोडिलने नुसतं नाक ओढलं.

"पण तू त्याला तीन दिवस सांगितलं नाहीस, हे वाईट केलंस," येप्पेची आई म्हणाली. "फार वाईट केलंस. आता त्याच्याकडे दे."

फोन येप्पेकडे गेला. तो शेडच्या भिंतीला टेकून ऐकत राहिला. "हो आई," तो म्हणाला. "नाही, रडत नाहीये... हो, पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी जिवाणू लावायचे... सहा आठवडे."

मग त्याने बोडिलकडे पाहिलं. ती निघून जावं की थांबावं हे न कळून सायकलच्या सीटवरची धूळ पुसत होती, आणि ती सायकल तिची नव्हतीच.

"नाही गं," येप्पे फोनमध्ये म्हणाला, "एकटा कुठे? बोडिल आहे ना."